गार झालेली बाटली

सूक्ष्मदर्शकाखाली मी ते पाहिलं होतं. हे एक वाक्य लिहायला मला अकरा वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून टाकतो.

म्हैसूर राज्य नुकतंच मोठं झालं होतं. बसवनगुडीच्या पलीकडे तेव्हा शेतंच होती. आमच्या घरी सहा गायी आणि एक वळू. वळू अण्णांचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. आसपासच्या घरांतल्या गायी त्याच्याकडेच आणत. सगळे त्याला बसवण्णा, म्हणजे देवाचा बैल, म्हणत. सोमवारी आई त्याच्या कपाळाला कुंकू लावून मग आमची ताटं वाढी. मी गुरांच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत होतो. डॉक्टर नव्हे, काचा धुणारा आणि नमुने बघणारा.

त्या वर्षी घरात खरवस झाला नाही. आम्ही त्याला इथल्यासारखं गिण्णच म्हणतो. गाय व्याली की वहिनी ते करून दहा घरी वाटायच्या. त्या वर्षी गायी गाभण वाटायच्या आणि अडीच-तीन महिन्यांनी पुन्हा माजावर यायच्या. एका सकाळी वहिनींना गोठ्यातल्या मोरीत उंदराएवढं काहीतरी सापडलं. ते त्यांनी फडक्यात गुंडाळून शेवग्याखाली पुरलं आणि आईला सांगितलं. सांगायला नको होतं. त्यांचे स्वतःचे दोनदा दिवस गेले होते, दोन्ही वेळा टिकलं नव्हतं. आणि धार त्याच काढायच्या.

शेजारच्या अक्का ओट्यावर बसून म्हणाल्या, "स्वल्प दिवस सुनेला गोठ्यात पाठवू नका, अम्मा."

"तिचाच हात लागतोय म्हणता?" आई म्हणाली.

"हात कशाला हो, सावली पुरते."

वहिनी आत ताक घुसळत होत्या. रवी थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

मी आमच्या डॉक्टरांना घरी आणलं. एवढं तरी केलं. त्यांना वळूचा संशय आला. एक बारीक जीव असतो, म्हणाले. वळूच्या अंगावर राहतो, त्याला काही होत नाही, पण त्याच्याकडून गायीत जातो आणि गर्भ पाडतो.

"काचेतनं बघून वळू कळतो होय?" अण्णा म्हणाले. "बघा तरी त्याच्याकडे. आजारी दिसतो?"

"दिसत नाही, हीच तर पंचाईत आहे."

डॉक्टरांनी मिठाच्या कोमट पाण्यानं वळूच्या लिंगावरची कातडी आतून धुतली, ते पाणी बाटलीत भरून माझ्या हातात दिलं. "पोटाशी धरून ने. गार झालं की ते जीव हलत नाहीत, आणि हलले नाहीत तर ओळखू यायचे नाहीत. मी पाठोपाठ येतो."

डिसेंबरची सकाळ होती. बाटली सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून मी सायकल मारली. पोचलो तेव्हा ती कोमट होती. एक थेंब काचेवर घेऊन पाहिलं. नासपतीच्या आकाराचं काहीतरी, झटके देत, एका कडेला झालर थरथरवत गेलं. मग दुसरं.

मला आईचं कुंकू आठवलं. बसवण्णाला खच्ची करावं लागणार, आणि घरोघर जाऊन अण्णांना सांगावं लागणार की तुमच्या गायी आमच्या वळूनं नासवल्या. ते तोंडातून काढणारा मी. मी बाटली खिडकीत ठेवली, वाऱ्याला. आणि थांबलो.

डॉक्टर आले, बराच वेळ बघत राहिले. "काही हलत नाही. गार तर झाली नव्हती ना?"

"नाही, सर."

"एका नमुन्यानं काही ठरत नाही. पुन्हा घेऊ."

"अण्णा नाही म्हणतात," मी सांगितलं. अण्णांना मी विचारलंच नव्हतं.

वहिनींना महिन्याभरासाठी होसूरला माहेरी पाठवलं. त्या सात महिन्यांनी परतल्या, आई अंथरुणाला खिळली म्हणून. आईनं शेवटपर्यंत त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. भांडं पुढे आलं की तोंड भिंतीकडे वळवायची. मी दारात उभा असायचो.

त्यानंतर शेजारच्या एका गायीत तो जीव सापडला. वळूला पुन्हा तपासलं, त्याच्यातही निघाला. त्याला बाजूला केलं, गायींना काही महिने वळूशिवाय विसावा दिला आणि पुढच्या वर्षी त्या व्यायल्या. मला वाटलं, संपलं. पण अण्णा अजून म्हणतात, "पहिली बाटली स्वच्छ होती. बसवण्णाला नंतर कुठल्या तरी गायीनं दिलं. आधीचं वेगळं." ते आधीचं कुणाचं, हे ते बोलत नाहीत. वहिनी अजूनही गोठ्यात पाय ठेवत नाहीत.

परवा शेजारून गिण्ण आलं. वहिनींनी माझ्यापुढे वाटी ठेवली. मी वाटी बाजूला सारली. मी त्यांना सगळं सांगितलं, खिडकीसकट.

"किती वेळ थांबलात, भावोजी?" त्यांनी विचारलं.

"पंधरा मिनिटं असतील."

"आईंना कधी बोलला होतात?"

"नाही."

त्यांनी गिण्णाच्या डब्यावर झाकण ठेवलं, दाबून बसवलं. बाहेर अण्णांच्या काठीचा आवाज आला. मी उठू लागलो.

"बसा," त्या म्हणाल्या. अण्णा आत आले तशा त्या त्यांच्याकडे वळल्या. "भावोजींना तुम्हाला काही सांगायचंय." आणि आत न जाता, पाट ओढून तिथेच बसल्या.

अण्णा काठी कोपऱ्यात ठेवत होते.

"अण्णा," मी म्हणालो, "पहिली बाटली आणली तेव्हा ती गरम होती."