सम्राटाच्या चित्राखाली बोललेलं खोटं

मंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदाही माझ्याकडे रोमवरचा लेख मागितला गेला. गेली बरीच वर्षं मी तो देत आलोय. कधी रोमन सम्राटांचे रस्ते, कधी त्यांची स्नानगृहं, कधी ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या काळातले बिशप. भेटल्यावर लोक म्हणतात, “काका, मस्त होता हं लेख.” मी मान हलवतो. यंदा एकाच सम्राटाबद्दल लिहितो आहे, आणि त्याच्या आडून माझ्याबद्दल. माझं वय आता अठ्ठ्याहत्तर आहे. आणखी थांबलो तर राहून जाईल.

इकडे परदेशात, नेपरव्हिलला राहायला आल्यापासून आमचा गणपती जवळच्याच एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये बसतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नवीन आलेल्यांना ठाऊक नसेल ते एवढंच, की त्या हॉलच्या मोठ्या भिंतीवर पूर्वी एक चित्र होतं. चर्चच्या दारात जांभळ्या झग्यातला एक सम्राट उभा, आणि हात पुढे करून त्याला अडवणारा एक बिशप. पहिल्या वर्षी आमच्यातल्या कुणीतरी विचारलं होतं, “यावर साडी टाकायची का? मागे पडदा बरा दिसेल.” चर्चची देखभाल करणारे गृहस्थ तिथेच खुर्च्या लावत होते. किल्ल्यांचा जुडगा कायम त्यांच्या कमरेला असायचा, म्हणून आमच्या बायका त्यांना किल्लीवाले काका म्हणत. त्यांना साडीचं खुणेनं समजलं असावं. ते मला म्हणाले, “झाका हवं तर. पण आधी गोष्ट ऐका.”

रोमचा माझा नाद तिथून सुरू झाला. मी इन्शुरन्स कंपनीत कॉम्प्युटरवर आयुष्य काढलेला माणूस, इतिहासाशी माझा संबंध शाळेपुरता.

गोष्ट अशी. थेस्सलोनिका नावाच्या शहरात लोकांनी दंगा करून सम्राटाचा एक सेनाधिकारी मारला. सम्राट तापट. त्याने सूड घ्यायचा हुकूम दिला. राग उतरल्यावर हुकूम रद्द करणारा निरोपही पाठवला, पण तो उशिरा पोचला. तोवर सैनिकांनी शहरातल्या क्रीडांगणात हजारो माणसं कापली होती. त्यात दंग्याशी काही संबंध नसलेलेही होते. तेव्हा मिलानच्या बिशपने सम्राटाला पत्र लिहिलं, की तुम्ही पश्चात्ताप करेपर्यंत तुमच्यासमोर मी पूजाविधी करणार नाही. सम्राटाने राजचिन्हं उतरवली आणि चर्चमध्ये सगळ्यांदेखत रडून क्षमा मागितली.

“दारात अडवल्याचं मात्र मागाहून कुणीतरी रचलेलं असावं,” किल्लीवाले काका म्हणाले. “पत्र खरं आहे. बिशपने ते स्वतःच्या हाताने लिहिलं, लेखनिकाला सांगितलं नाही. का, माहीत आहे? सम्राटाशिवाय दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून. त्याला चारचौघांत उघडं पाडायचं नव्हतं. चारचौघांत जायचं त्याचं त्याने ठरवलं.”

साडी टाकली नाही. त्यानंतर दरवर्षी फॉइलमध्ये बांधलेले अकरा मोदक त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायची पद्धत पडली.

आता माझ्याबद्दल. एका वर्षी आरतीच्या ऐन मध्यात कापराच्या धुराने अलार्म वाजला आणि फायर ब्रिगेडची माणसं बूट घालून थेट मखरापर्यंत आली. एका आजींनी त्यांनाही प्रसाद दिला, पण चर्चवाले वैतागले. किल्लीवाले काकांनी तोडगा काढला. “कापूर पेटवायच्या आधी मला सांगा, मी तेवढा वेळ अलार्म बंद ठेवतो. स्वतः कशाला हात लावू नका.”

पुढच्या वर्षी मी मंडळाचा अध्यक्ष होतो. आरतीला आधीच पाऊण तास उशीर झालेला, पोरं भुकेने कावलेली, आणि किल्लीवाले काका वर चर्चमध्ये कुठल्यातरी लग्नाच्या गडबडीत. त्यांना बोलवायला जायचा मला कंटाळा आला. आमच्या घरी हॉटेलांमधून आणलेल्या शॉवर कॅप्स खणभर असायच्या. बायको त्या इडलीच्या पिठाच्या भांड्यांवर चढवायची. त्या दिवशी प्रसादाच्या पातेल्यांवरही त्याच होत्या. मी दोन काढल्या, शिडीवर चढलो, एक हॉलमधल्या स्मोक डिटेक्टरवर चढवली आणि दुसरी किचनकडे जाणाऱ्या बोळातल्या डिटेक्टरवर. खालून कुणीतरी म्हणालं, “वा अध्यक्ष! इंजिनियर डोकं!” मी हसलो.

आरती झाली. हॉलमधली कॅप मी काढली. बोळातली विसरलो.

जानेवारीत किचनमधल्या कॉफीच्या मोठ्या भांड्याची वायर पेटली. बोळातला अलार्म वाजलाच नाही, आणि हॉलमधला वाजला तोवर आग पसरली होती. बर्फ काढायला पहाटे आलेल्या किल्लीवाले काकांना धुराचा वास आला. त्यांनी एकट्याने आग विझवली आणि त्यात त्यांचा उजवा हात भाजला. आग किचनच्या बाहेर येऊन हॉलच्या भिंतीपर्यंत पोचली होती. तपासणीला आलेल्या माणसाला डिटेक्टरवर अर्धवट वितळलेलं प्लास्टिक सापडलं.

किल्लीवाले काका सिगरेट ओढत, हे सगळ्यांना माहीत होतं. ते मागच्या पायऱ्यांवर ओढत, हेही माहीत होतं. पण थंडी कडाक्याची होती, आणि थंडीत आत ओढण्यासाठी त्यांनीच डिटेक्टर झाकला असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. मला शिडीवर पाहिलेल्या आमच्या लोकांनी दोन्ही कॅप्स मी तेव्हाच काढल्या असं धरलं.

चर्चच्या समितीने त्या हॉलमध्येच बैठक घेतली. हॉल भाड्याने घेणारे म्हणून मलाही बोलावलं. चित्र अजून भिंतीवरच होतं, अर्धं काळं पडलेलं. किल्लीवाले काका पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून कोपऱ्यात बसले होते. समितीच्या बाईंनी मला सरळ विचारलं, “तुमच्या लोकांपैकी कुणी डिटेक्टरला हात लावला होता का?”

मी म्हणालो, “नाही. आमचे लोक विचारल्याशिवाय शिडीलाही हात लावत नाहीत.”

हे दुसरं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. ‘नाही’ एवढ्यावर भागलं असतं. ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

त्या क्षणी मी स्वतःला काय सांगितलं, तेही लिहितो. हॉल गेला तर पाचशे माणसांचा गणपती कुठे बसणार? भारतीयांचं नाव खराब होईल. मंडळासाठी गप्प बसतोय. यातलं काहीही पूर्ण खरं नव्हतं. मला माझीच लाज वाचवायची होती. शिडीवरून उतरताना ऐकलेली वाहवा मला परत द्यायची नव्हती.

किल्लीवाले काका म्हणाले, “मी बाहेर ओढतो.” एवढंच. बावीस वर्षांची नोकरी त्या आठवड्यात संपली.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “त्या दोन्ही कॅप तुम्ही काढल्या होत्या ना?”

“हो,” मी म्हणालो.

तिने पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात इडलीच्या पिठावर ताटली असते. खणातल्या कॅप्स कधी गेल्या, मला कळलं नाही.

यापुढचं लिहायला सगळ्यात जड जातंय. पुढच्या गणपतीत कार्यक्रमांत एक जागा रिकामी होती आणि मला अर्धा तास बोलायला सांगितलं. रंग दिलेल्या कोऱ्या भिंतीपुढे उभं राहून मी त्या सम्राटाची गोष्ट सांगितली, किल्लीवाले काकांच्याच शब्दांत. पत्राची, आणि चारचौघांत जायचं त्याचं त्याने ठरवलं याची. टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, “काका, काय रंगवून सांगता हो! दरवर्षी बोला.” आणि मी दरवर्षी बोलत राहिलो. त्या वर्षी फॉइलमध्ये बांधलेले अकरा मोदक किचनच्या ओट्यावर तसेच राहिले. सवयीने कुणीतरी बांधले होते.

गेल्या हिवाळ्यात किल्लीवाले काका वारले. हॉलमध्येच त्यांच्या नावाने जेवण होतं, तिथे त्यांची मुलगी भेटली. त्या दिवशी बोलायचं धाडस झालं नाही. तीन आठवड्यांनी फोन करून तिच्या घरी गेलो आणि तिच्या किचनच्या टेबलाशी बसून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला हाकलून देईल. तिने कॉफीचा कप सिंकमध्ये ठेवला आणि म्हणाली, “त्यांनी त्या चर्चमध्ये पुन्हा पाऊल टाकलं नाही. लोक बघतात म्हणायचे. तुम्ही हे मला एकटीला सांगून काय उपयोग? त्यांना सगळ्यांसमोर खोटं ठरवलं होतं.”

“मग मी काय करू?”

“ते तुम्हीच ठरवा.”

पुढच्या महिन्यात रविवारच्या प्रार्थनेनंतर पाद्रींची परवानगी घेऊन मी चर्चमध्ये उभा राहिलो आणि इंग्रजीत लिहून नेलेला कागद वाचला. समितीच्या त्या बाई आता काठी घेऊन चालतात. त्या पुढच्याच बाकावर होत्या. वाचताना माझा आवाज एकदाही हलला नाही. बाहेर आल्यावर मला त्याचंच वाईट वाटलं. इंग्रजीत मी चाळीस वर्षं मीटिंगांमध्ये चुका कबूल केल्यात, ती भाषा मला टोचत नाही. आणि ज्यांच्यापुढे माझी इभ्रत होती, त्यांच्यापैकी तिथे कुणीच नव्हतं.

म्हणून हे मराठीत.

लेख पाठवल्यावर स्मरणिकेचं काम बघणारी मुलगी घरी आली. पुण्याची आहे, हुशार आहे. “काका, छापते,” ती म्हणाली. “पण तो शॉवर कॅपचा भाग एडिट करूया का? आपलं हॉलचं बुकिंग आहे यार… सॉरी, काका. लोक म्हणतील मंडळाने केलं.”

“चर्चला मी आधीच सांगितलंय. मंडळाने नाही, मी केलं. तसंच लिहिलंय.”

“पण आता कोण विचारतंय?”

आतून बायको हात पुसत आली. तिने लेख वाचला होता, पण माझ्याशी त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. “काही काढू नकोस गं,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आणि मी विचारलं तेव्हा माझ्याशीही खोटं बोललात, ते कुठंय यात?”

ते पहिल्या खर्ड्यात नव्हतं. वर आहे ते त्यानंतर घातलं.

यंदा माझं भाषण नाही. त्या वेळेत मी हा लेख त्याच भिंतीपुढे उभा राहून वाचणार आहे, आरतीच्या आधी. किल्लीवाले काकांच्या मुलीला बोलावलंय. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही. तिच्यासाठी अकरा मोदक बाजूला ठेवा, आणि कापूर पेटवण्याआधी वर जाऊन चर्चच्या माणसाला सांगून या.