घोंगडीखालची सुपारी

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी निवृत्तीनंतरही मनातून जात नाही ती दोन पागोट्यांची भानगड. वऱ्हाडात तेव्हा इंग्रजांचा अंमल होता आणि मी तिकडच्याच मालेगावच्या ठाण्यावर फौजदार होतो.

बाजाराचा बंदोबस्त आटोपून आलेला जमादार हसत हसत म्हणाला, "साहेब, गोरक्षणाचे थोरले पंच पडले. एकबी सुपारी नाही भेटली त्याईले."

ही काही पोलिसांच्या कामाची खबर नव्हती. पण थोड्याच वेळात थोरल्या पंचांची बैलांची दमणी ठाण्याच्या दारात उभी राहिली. गोरक्षणाच्या राखणदार बाईने लबाडी करून आपल्याला पाडलं, तिला आजच्या आज आत टाका, अशी त्यांची फिर्याद होती.

हे गोरक्षण म्हणजे थकल्या, टाकून दिलेल्या जनावरांचा आसरा. गावोगावच्या कास्तकारांच्या चाऱ्यावर चालायचा. कारभारी निवडायची रीत जुनी होती. उभे राहणारे दोघे आपापलं पागोटं उतरवून देत. राखणदार बाई ओट्यावर घोंगडी पसरी आणि तिच्याखाली ती कोणाला न दिसता शेजारी शेजारी ठेवी. मग प्रत्येक पंच पुढे येऊन घोंगडीखाली हात घाली आणि मनात असलेल्या माणसाच्या पागोट्यात सुपारी सोडी. कोणाची कोणाला, ते विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. वर्षानुवर्षं सगळ्या सुपाऱ्या थोरल्या पंचांच्याच पागोट्यात निघत. बहुतेक पंच त्यांची जमीन बटईने, पिकाच्या वाट्यावर, करत, हे मात्र ध्यानात ठेवा. यंदा त्यांच्यासमोर एक साधा शेतकरी उभा होता.

मी जमादाराला आणि थोरल्या पंचांना घेऊन गोरक्षणात गेलो. बाई विधवा, पिकल्या केसांची. आवारातलं छप्पर हेच तिचं घर. गुन्हा दाखल झाला असता तर तुरुंग होता आणि नाही झाला तरी थोरले पंच तिला त्या छपरात राहू देणार नव्हते. तिला ते ठाऊक होतं, पण चेहऱ्यावर काही नव्हतं.

"पागोट्यांची जागा तूच बदललीस?" मी विचारलं.

"म्याच ठेवली, साहेब."

"नेहमी थोरल्यांचं उजवीकडे असतं. यंदा डावीकडे काहून?"

"उजवीकडंच ठेवा असं कुठं लिवलं हाय?"

 पंचांना एकेकाला वेगळं बोलावलं. ज्याला त्याला विचारावं तर एकच उत्तर, "सुपारी टाकली. कोनाले टाकली ते सांगाचं नसते, साहेब." जबाब पढवलेला असला की माणूस जमिनीकडे पाहून बोलतो. हे सगळे माझ्याकडे पाहत होते, फक्त थोरल्या पंचांकडे पाहत नव्हते.

मग मी फिर्यादीलाच समोर बसवलं. तपासात हे पुष्कळजण विसरतात.

"पागोट्यांची अदलाबदल झाली हे तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हंजे?" थोरले पंच उसळले. "मी समोरच लोडाले टेकून बसलो होतो. सगळ्याईचे हात उजवीकडं, माह्या बाजूले गेले, माह्या डोळ्यानं पाह्यलं. मंग सुपाऱ्या त्याच्या पागोट्यात कशा निघाल्या?"

मी टाक खाली ठेवला.

"म्हणजे दर खेपेला कोणाचा हात कुठे वळतो, ते तुम्ही पाहत होता?"

"पाहा लागते, साहेब. आपली मानसं कोनती, ते समजाले नको?"

जमादाराला खोकला आला. थोरल्यांना आपण काय बोललो याचा पत्ताही नव्हता. ज्या रीतीवर गावाचा भरवसा होता, तिचा जीव त्यांनी लोडाला टेकून केव्हाच घेतला होता.

तरी एक प्रश्न उरला. पंच चुकून तर फसले नाहीत ना? मी दोन्ही पागोटी पुन्हा घोंगडीखाली ठेवली आणि थोरल्यांना म्हटलं, "न पाहता आपलं ओळखा." त्यांचं जरीकाठी, कडक, दुसऱ्याचं धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्यांनी क्षणात ओळखलं आणि तिथेच त्यांचा चेहरा उतरला. प्रत्येक हाताला कळलं होतं, आपण कोणाला निवडतो आहोत ते.

"मंग परत घ्या निवड! आत्ता, इथंच!" ते ओरडले. पंच कबूल झाले. मी एवढंच केलं, की दोन्ही उमेदवारांना आवाराबाहेर निंबाखाली बसवलं आणि मीही जाऊन त्यांच्याजवळ बसलो.

निकाल तोच लागला. फक्त या वेळी थोरल्यांच्या पागोट्यात एक सुपारी निघाली. ती बोटांत फिरवत त्यांनी विचारलं, "कोनाची हे?"

 उभ्या आयुष्यात मनापासून मिळालेली बहुधा ती त्यांची पहिली सुपारी, आणि तिचाही त्यांना हिशेबच हवा होता. मला त्या माणसाची त्या घडीला खरोखर कीव आली. फिर्याद त्यांनी मागे घेतली.

निघताना बाई आपणहून म्हणाली, "साहेब, पंच पान्याले आले तवा एकेकाले म्याच सांगतलं होतं, यंदा जागा बदलतो म्हून. थोरल्याईचे धष्टपुष्ट बैल इथला चारा खाऊन राह्यले होते अन् म्हातारी जनावरं उपाशी. मंग काय करा?"

मी टोपी घातली.

एखादी संस्था आपले कारभारी कसे निवडते, हे पाहायची वेळ पुढे अनेकदा आली. नियम मी नंतर वाचत असे. आधी विचारत असे, निवडताना समोर कोण बसलं होतं.

काही वर्षांनी त्या वाटेने जाताना नवे कारभारी भर उन्हात निंबाखाली ताटकळत बसलेले दिसले. आत निवड चालली होती.

"तुम्ही बाहेर कसे?" मी विचारलं.

ते कसनुसं हसले. "मी म्हटलं, मी तर तुमचाच मानूस, कोपऱ्यात बसतो. पन बाईनं फाटक लावून घेतलं."