नेमासांचा कप्तान

बातमी एस.टी. स्टँडवरच्या माझ्या केबिनच्या खिडकीतून आली. अकोल्याहून आलेल्या दुपारच्या गाडीचा कंडक्टर नोंद करायला वाकला आणि म्हणाला, "साहेब, तुमचे नेमासा गेले. दवाखान्यात, सकाळीच." मी त्याची नोंद पूर्ण केली, मानोऱ्याची गाडी सोडली, जोडीच्या नियंत्रकाला खुर्चीवर बसवले आणि मगच उठलो. वाचणाऱ्याला हे कोरडे वाटेल. पण हातातले काम अर्धे टाकणे नेमासांनाच खपत नसे. गिऱ्हाइकाला मोजलेले कापड कापून हातात दिल्याशिवाय ते घरातून आलेल्या हाकेलाही ओ देत नसत.

या गोष्टीला आता दीड महिना होत आला. कारंज्याच्या बाजारगल्लीत त्यांचे कापडाचे आणि सुईदोऱ्याचे दुकान. मी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून बदलून आलो तेव्हा शाळेच्या गणवेशाचे कापड घ्यायला गेलो आणि कापड मोजता मोजता त्यांनी मला विचारले, की रविवारी सकाळी अकोल्याला जाणारी गाडी खरेच वेळेवर सुटते का. मी म्हणालो, मी असलो तर सुटते. त्यावर ते हसले आणि त्या दिवसापासून मी त्यांचा 'कंट्रोलर' झालो. माझे नाव त्यांनी कधी घेतलेले मला आठवत नाही. ते माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. मला अरेतुरे करीत, मी त्यांना नेमासा म्हणत असे. सुटीच्या रविवारी आम्ही अकोल्याला जायचो. आधी कामे, मग करमणूक, असा माझा नेम. त्यामुळे लेस, अस्तर, बटणे यांची खरेदी ओळखीच्या ठोक व्यापाऱ्याकडे अर्धे शटर उघडायला लावून उरकायची आणि मग इंग्रजी चित्रपटाचा सकाळचा खेळ गाठायचा. गाळलेल्या पाण्याची बाटली ते घरून आणत. सूर्य मावळायच्या आत जेवायचे म्हणून परतीची गाडी चुकवून चालत नसे, आणि ती चुकू न देणे ही अर्थातच माझी जबाबदारी होती.

पण खरा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी असे. सोमवारी संध्याकाळी, त्यांचे जेवण झाले की, दुकानाच्या ओट्यावर नेमासा पिक्चर सांगत. आपल्याकडे ही पद्धत जुनीच आहे. ज्याला जाता येत नाही त्याला जाऊन आलेल्याने सांगायचे. शेजारचा भिकू टेलर, गल्लीतले दुकानदार, कामरगावची बाजाराला आलेली चार माणसे, असे सगळे बसत. सांगणाऱ्याला हुंकार देणारा एक ठरलेला माणूस लागतो. प्रत्येक वाक्यानंतर त्याने "हूं" म्हणायचे. हूं आला नाही की नेमासा थांबत. पूर्वी हे काम त्यांचा एकुलता एक मुलगा प्रकाश करी. लहानपणी तो म्हणे बापाच्या मांडीला टेकून झोपेतही हूं म्हणायचा. मी आलो तेव्हा प्रकाश घरात नव्हता, म्हणून ते काम माझ्याकडे आले. मी ते नेमाने करी. तरी नेमासा एकदा म्हणालेच, "कंट्रोलर, तू हूं म्हनत नाहीस. गाडी सोडल्यावानी करतोस."

प्रकाश घरात का नव्हता, ते मला वहिनींकडून कळले. वहिनी म्हणजे नेमासांच्या पत्नी, शांताबाई. प्रकाशने दुकानावर बसावे अशी वडिलांची इच्छा. त्याने मुंबईला एका कंपनीत संगणकावरची नोकरी धरली. तेव्हा वर्तमानपत्रांतून या यंत्राविरुद्ध बरेच येत असे, की कारकुनांच्या नोकऱ्या जाणार. नेमासांनी तेवढेच वाचले होते. जाण्याच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, लोकांच्या पोटावर पाय देणाऱ्या यंत्राची चाकरी करशील? मुलगा म्हणाला, "ते काय हाय हे तुमाले माहीत नाही, अन् माहीत करून घ्यायचंबी नाही." एवढ्यावर दोन वर्षे अबोला. प्रकाशची पत्रे येत ती आईच्या नावाने. वहिनी ती स्वयंपाकघरात वाचत, पण इतक्या मोठ्याने की मधल्या पडद्यापलीकडे दुकानात शब्द न् शब्द ऐकू जावा. त्या वेळी नेमासांची मीटरपट्टी हवेतच थांबे. गिऱ्हाइकांनाही आता सवय झाली होती... तीही थांबत.

या पत्रांतून आम्हा सगळ्यांना थोडेफार कळले. की यंत्राला जाड कागदाची कार्डे द्यावी लागतात. कार्डाला भोके पाडलेली असतात आणि त्या भोकांत सगळा मजकूर असतो. यंत्र एक कार्ड वाचते, मग पुढचे घेते. की ती खोली इतकी थंड ठेवतात, की मुंबईच्या उकाड्यातून आत गेल्यावर प्रकाशला स्वेटर घालावा लागतो. रद्द झालेली काही कार्डे त्याने आईला बघायला पाठवली. नेमासांनी ती निरखून पाहिली, "बरा जाड कागद हाय" एवढेच म्हणाले आणि त्यांवर लेस गुंडाळून काचेच्या कपाटात लावून टाकली.

त्याच काळात ती आकाशयानाची चित्रपटमालिका अकोल्याला लागली. तीन भाग, काही महिन्यांच्या अंतराने. गल्लीत त्यांना 'कप्तानाचे पिक्चर' म्हणत. पहिल्या भागात एक कप्तान आपल्या माणसांना घेऊन दूरच्या ग्रहाकडे निघतो. रोज तो पृथ्वीला हकिकत कळवतो आणि पृथ्वीकडून शब्द येत नाही, फक्त 'टिक' असा बारीक आवाज येतो. शेवटी यान जळते, सगळे मरतात. दुसऱ्या भागात तोच कप्तान, तीच माणसे, पुन्हा निघालेली, आणि कोणालाच काही आठवत नाही. अकोल्याच्या थेटरात लोकांनी शिट्या मारल्या. मेलेला माणूस परत आणला, म्हणजे पैसे काढायची युक्ती, असे माझेही मत झाले. तिसऱ्या भागात पुन्हा तेच, फक्त यानाच्या दारावर पहिल्या भागात पडलेला पोचा या वेळी सुरुवातीपासूनच असतो. कप्तान त्यावरून हात फिरवत राहतो. शेवटी तो हकिकत सांगत असतानाच टिक थांबते, पडदा पांढरा होतो आणि दिवे लागतात. आम्हा दोघांनाही इंग्रजी संवाद निम्मेच कळत, तेव्हा काही राहून गेले असेल असे मी म्हणालो. परतीच्या गाडीत नेमासा मूर्तिजापूर मागे पडल्यावर म्हणाले, "कंट्रोलर, यान नाहीच हाय."

त्यांचे म्हणणे असे होते. यान नाही, ग्रह नाही, आकाशही नाही. कुठेतरी एक यंत्र आहे आणि त्याला कार्डांची चळत वाचायला दिली आहे. कप्तान म्हणजे त्या कार्डांवरची भोके. त्याचे कार्ड यंत्रात आहे तोवर तो जिवंत. चळत संपली की यान जळाले. मग कोणीतरी तीच चळत उचलून पुन्हा लावतो, म्हणून तोच माणूस परत येतो आणि त्याला काही आठवत नाही. दारावरचा पोचा का राहतो? कारण कार्डे हाताळून हाताळून त्यांचा कोपरा दुमडतो. आणि ती टिक म्हणजे पृथ्वीचे उत्तर नव्हेच. यंत्र म्हणते आहे, हे वाचले, आता पुढचे द्या. "म्हंजे हुंकारच ना," ते म्हणाले. "दुसरं काय?"

त्या सोमवारी ओट्यावर त्यांनी तिन्ही भाग नव्याने सांगायला घेतले, या अर्थासकट. लोकांना ते चित्रपटापेक्षा आवडले, म्हणून पुढल्या सोमवारीही तेच चालू राहिले. भिकू टेलरने विचारले, शेठ, मग आपल्यालाही कोणी वाचून राह्यलं असंन काय? नेमासा म्हणाले, "तुले वाचाले कोनाले येळ हाय, भिकू? तू दिलेल्या वायद्यावर एक सदरा शिव आधी." सगळे हसले. मग कोणीतरी विचारले, की ही चळत पुन्हा पुन्हा लावतो कोण. नेमासा म्हणाले, "असंन एखादं पोरगं. पाळीवर असंन. थंडी लय हाय तिथं, म्हनून स्वेटर घातलं हाय त्यानं. झोप येते, पन बसून राह्यलं."

मी शिस्तीचा माणूस. नंतर एकटे असताना मी त्यांना म्हणालो, की नेमासा, पिक्चरमध्ये पोरगा नव्हता. स्वेटर तर कोणाच्याच अंगात नव्हता. ते कपाटाची काच पुसत होते. "दिसला नाही म्हंजे नव्हता काय?" म्हणाले, आणि पुसत राहिले. मी निघालो. पण वहिनी पडद्याआड होत्या. त्यांनी त्या आठवड्यात मुंबईला लिहिले, की तुझ्या बाबांनी तुला पिक्चरमध्ये घातले आहे.

दोन सोमवार गेले. तिसऱ्या सोमवारी दुपारच्या अकोला गाडीतून प्रकाश उतरला. घराकडे न जाता माझ्या केबिनमध्ये आला. मी त्याला पूर्वी पाहिलेले नव्हते, पण कपाळ आणि भुवया पाहून विचारावे लागले नाही. त्याने चहा घेतला, दोन-तीन गाड्यांच्या वेळा उगाच विचारल्या. मग म्हणाला, "काका, बाबा खरंच तसं सांगतात? स्वेटरचंबी?" मी म्हणालो, सांगतात. तो हसला. नंतर म्हणाला, पण एक चूक आहे. दुमडलेले कार्ड यंत्र वाचतच नाही, अडकते. मी म्हणालो, मग हे मला सांगून काय उपयोग? माझी पाळी संपली तसे मी त्याला उठवले. गल्लीच्या तोंडाशी तो म्हणाला, आज नको, उद्या सकाळी जाईन. मी त्याची बॅग हातात घेतली आणि पुढे चालू लागलो.

आम्ही पोहोचलो तेव्हा तिसऱ्या भागाचा शेवट आला होता. नेमासांची पाठ गल्लीकडे होती. हुंकार भिकू देत होता, तोही हातातले काज करता करता. प्रकाश दिव्याच्या खांबाशी मागे उभा राहिला. कप्तान बोलत होता, टिक येत होती... आणि टिक थांबली, असे म्हणून नेमासाही थांबले.

"मंग?" भिकू म्हणाला.

"मंग काय. तिथंच संपते. आवाज काहून थांबला, मले नाही समजलं." मग ते हळूच म्हणाले, "पोरगं उठून गेलं असंन. किती दिवस बसंन बिचारं?"

मग मागून प्रकाश म्हणाला, "कार्ड अडकलं असंन."

नेमासा वळले नाहीत. आवाज ओळखला हे मात्र खांद्यांवरून दिसले. त्यांनी समोरच्या भिंतीलाच विचारले, "काहून अडकते?"

"कोपरा दुमडला की अडकते."

"मंग काय करतेत?"

"काही नाही. कार्ड बाहेर काढाचं, हातानं सरळ कराचं, पुन्हा द्याचं."

"अन् चालते?"

"चालते, बाबा."

"हूं," नेमासा म्हणाले.

इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून हुंकार मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पडद्याआड भांडे ठेवल्याचा आवाज आला, आणि वहिनींनी तिथूनच विचारले की दूध किती जणांचे तापवायचे. त्या संध्याकाळी कामरगावच्या माणसांची शेवटची गाडी चुकली. एरवी ती माणसे मला गाडी थांबवायला सांगत आणि मी नकार देत असे. त्या दिवशी कोणी गाडीचा विषयच काढला नाही. माणसे ओट्यावरच झोपली.

दुकानाचा प्रश्न मिटला असे नाही. प्रकाश मुंबईलाच राहिला. पण पत्रांवर आता 'ती. बाबांस' असे येऊ लागले, आणि ती नेमासा स्वतः वाचत, मनातल्या मनात, म्हणून वहिनींची तक्रार. गेल्या थंडीत ते मुंबईला जाऊन यंत्र पाहूनही आले. परतल्यावर मोठ्या कौतुकाने ओट्यावर सांगितले, की त्या खोलीबाहेर मंदिरासारखे जोडे काढावे लागतात. मला मात्र केबिनमध्ये येऊन वेगळे सांगितले. "टिक-बिक काही नाही, कंट्रोलर. कापसाच्या जिनिंगवानी आवाज हाय. कान बसले माह्ये." मग म्हणाले, "स्वेटर मात्र खरं निघालं. वहिनीले तुह्या सांगितलं, नवीन विन म्हनून. जुन्याची कोपरं गेली."

तो स्वेटर विणून व्हायच्या आतच ते अकोल्याच्या दवाखान्यात गेले. प्रकाश पोहोचला होता. शेवटचे दोन दिवस तो त्यांच्या उशाशी बसून बोलत होता म्हणे, आणि बोलण्याची ताकद नव्हती तरी ते हूं म्हणत होते. त्याने मला एवढेच सांगितले.

आता दुकान वहिनी चालवतात. काचेच्या कपाटात लेस अजून त्या कार्डांवरच आहे. शेवटचा वीतभर तुकडा त्या कोणाला विकत नाहीत, कार्ड उघडे पडू नये म्हणून. सोमवारी संध्याकाळी ओट्यावर माणसे सवयीने येतात, थोडा वेळ बसतात, उठतात. पिक्चर कोणी सांगत नाही. गेल्या सोमवारी मी दोऱ्याची रिळे घ्यायला गेलो तेव्हा प्रकाशचे पत्र आले होते. पुन्हा 'ती. आईस'. वहिनी गादीवर बसून ते वाचत होत्या, पूर्वीसारख्याच मोठ्याने, आतल्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात. मी म्हणालो, "वहिनी, मी इथंच बसलो हाय." त्या म्हणाल्या, "मले माहीत हाय, भाऊजी." आणि तशाच आवाजात पुढचे वाक्य वाचले, की खोली थंडच असते, नवा स्वेटर बरोबर बसला. तिथे त्या थांबल्या. कागद हातात धरून पडद्याकडे पाहत राहिल्या... किती वेळ, ते मी मोजले नाही.

मी म्हणालो, "हूं."

मग त्यांनी पुढचे वाचले.