‘नको’चं खोकं

निमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात चष्मा कपाळावर चढवून एका डब्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचत होते. पाकातल्या पीचचा डबा. ढकलगाडीत तसलेच आणखी तीन पडलेले, तिन्ही निराळ्या कंपन्यांचे. तिचा मुलगा नितीन म्हणाला, “वसूमावशी, आई गेली... पहाटे. झोपेतच.” मी म्हटलं, “बरं.” आणि पुन्हा डबा वाचायला लागले. साखर किती ते पाहिलं, सवयीनं मनात ‘अबब’ म्हटलं, आणि मग कळलं की ही साखर आता तिला बाधणार नाही. डबे काही मी परत फळीवर ठेवले नाहीत. चारही घेऊन घरी आले. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

निमानं एक घास आवडीनं खावा, एवढंच मला शेवटच्या महिन्यात हवं होतं. ते काही जमलं नाही. आणि हसू यायचं ते यासाठी, की त्याआधीची बारा वर्षं तिच्या तोंडचा घास काढून घ्यायचं काम मीच मन लावून केलं होतं.

नवरा गेल्यावर मुलीनं मला पुण्याहून जर्सी सिटीला आणलं तेव्हा मी तरुण होते, अवघी त्रेसष्ट वर्षांची. शाळेत गृहशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. तीस वर्षं फळ्यावर चौरस आहार काढता काढता बाई स्वतःच चौरस झाल्या होत्या, कुठूनही धरा, कोपरा टोचायचाच. सत्ताविसाव्या मजल्यावरच्या त्या घरात लेक आणि जावई सकाळी ट्रेननं मॅनहॅटनला गेले की मी आणि माझा अहंकार असे दोघंच उरायचो. नातीला मी नाचणीचं सत्त्व द्यायचे. ती म्हणायची, “आजी, इट्स ब्राऊन.” मी तिला लोह समजावून सांगायचे. पाच वर्षांच्या पोरीला, लोह!

निमा शेजारच्या टॉवरमध्ये राहायची, मुलाकडे. नागपूरची. अंगानं भरलेली, हसली की सगळीच हलायची. नदीकाठच्या बाकावर आमची गाठ पडली. तिच्या हातात मफिन होतं, आणि बोलता बोलता तिनं सांगितलं की तिला वीस वर्षांपासून डायबेटीस आहे. ओळख होऊन दहा मिनिटं झाली नसतील, मी ते मफिन तिच्या हातातून घेतलं आणि कबुतरांना टाकलं. तिनं एकदा कबुतरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाली, “बाई, यांना शुगर नाही होत का वं?” झाली मैत्री. मी तिला सुधारायला घेतलं होतं आणि तिला फुकटची करमणूक मिळाली होती.

तिनंच मला फूड पँट्रीत नेलं. आमच्या घरापासून दहा गल्ल्या आत, जिथे उंच इमारती संपतात, तिथल्या एका चर्चच्या तळघरात दर शनिवारी सकाळी गरजूंना किराणा वाटतात. ग्लोरिया नावाची एक ठेंगणी, खणखणीत बाई ते सगळं बघते. लोकांनी आणून दिलेले डबे, पाकिटं लावून ठेवायची, तारखा तपासायच्या आणि पिशव्या भरायच्या, एवढंच काम. ग्लोरियाला मदतनीस हवी होती, तिला मिळाली इन्स्पेक्टर. मी भिंग घेऊन जायला लागले. मीठ जास्त, बाजूला. साखर जास्त, बाजूला. मैदा, बाजूला. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या घरांतून मूग, मसूर, नाचणीचं पीठ गोळा करून आणलं. उंच काठी टेकत येणारा ओटिस म्हणून एक गृहस्थ होता, त्याच्या पिशवीत मी मुगाची पुडी घातली, सोबत इंग्रजीत सुवाच्य अक्षरात कृती: रात्रभर भिजवा, फडक्यात बांधा, मोड आणा. पुढच्या शनिवारी तो पुडी परत घेऊन आला. न उघडलेली. टोपी काढून म्हणाला की मॅडम, मी भाड्याच्या खोलीत राहतो, तिथे फक्त मायक्रोवेव्ह आहे, हे ज्याच्याकडे शेगडी आहे त्याला द्या. इतक्या अदबीनं मला कुणी कधी गप्प केलं नव्हतं. पण सुधारेल ती मी कसली! दुसऱ्या आठवड्यात मी मायक्रोवेव्हमध्ये मूग कसे शिजवावेत ते लिहून नेलं.

बाजूला काढलेल्या मालाचं काय करायचं हा प्रश्न होता. देणारेही तिथेच येत-जात असत, आपण आणलेल्या डब्यावर ‘नापसंत’ असा शिक्का पाहून त्यांना वाईट वाटलं असतं. मग मी युक्ती केली. एका मोठ्या खोक्यात तो सगळा गोड माल भरला आणि खोक्यावर काळ्या मार्करनं देवनागरीत ठसठशीत लिहिलं, ‘नको’. म्हणजे आम्हा दोघींना कळेल, बाकी कुणाला नाही. खोकं दर आठवड्याला रिकामं व्हायचं. मला वाटे, ग्लोरिया ते टाकून देते. मनातल्या मनात मी जर्सी सिटीच्या किती लोकांची रक्तातली साखर आटोक्यात आणली याचा हिशेब करून खूश व्हायचे.

सात-आठ महिन्यांनी एका शनिवारी ओटिस माझ्या टेबलाशी आला आणि हळूच वाकून म्हणाला, “एनी नोको टुडे?”

मला वाटलं, गृहस्थ मराठी शिकला. मला काही नको असं म्हणतोय. मी कौतुकानं हसले. तर त्याच्या मागची बाई म्हणाली, तिलाही नोको हवंय, नातवाचा वाढदिवस आहे. रांगेतून आणखी दोन-तीन माना वर आल्या. ग्लोरियाला विचारलं तर ती म्हणाली, अगं, तुमचं ते नोकोचं खोकं, ते तर सगळ्यात आधी संपतं. निमानं तिला पहिल्याच आठवड्यात त्या शब्दाचा अर्थ सांगितला होता: स्पेशल. आणि ही निमा पलीकडे केकच्या पिठाचं पाकीट एका पिशवीत तळाशी सरकवत, तोंड मिटून अशी हलत होती की टेबलावरचे डबे वाजत होते.

मी दोन शनिवार गेले नाही. तिसऱ्या दिवशीच ती घरी आली होती, पण मी नुसता चहा करून पुढे ठेवला. बिनसाखरेचा, अर्थात. तिनं तो निमूट प्यायला. मग म्हणाली, “वसू, तुझ्या नातीच्या वाढदिवसाला तू केक आणला होतास. मी बघितला नं. गरिबाच्या लेकरानं काहून मूग कापायचे?” मी साखरेचे दुष्परिणाम सांगायला लागले. तिनं ऐकून घेतलं. नंतर म्हणाली की आपण तिथे नेतो ते सगळं आपल्याला नकोच असलेलं असतं, कुणाचं डाएट फसलेलं, कुणाचं घर बदललेलं, मग त्यातल्या त्यात त्यांना हवं ते घेऊ दे की... मी उठून तिला खजुराचे लाडू दिले. ती म्हणाली, “हे लाडू नाहीत, औषध आहे. वळून दिलं इतकंच.”

खोकं राहिलं. मीच ते भरायचे, निमा वाटायची, आणि कोणती बाजू जिंकली हे दोघींनाही पक्कं ठाऊक नव्हतं. कारण मी चूक नव्हते, हीच तर पंचाईत. ओटिसलाही शुगर होतीच. मागल्या वर्षी त्याच्या पायाचा अंगठा काढला. त्या दिवशी मी निमाकडे पाहिलं, पण तिला टोचून बोलायची इच्छा होईना. तीही दिवसभर हसली नाही.

एक प्रसंग मात्र मला आता फार छळतो. लेबल निघालेले डबे पँट्रीत वाटत नाहीत, आत काय आहे कुणास ठाऊक म्हणून. असा एक डबा निमानं कुतूहलानं फोडला. आत पाकातले पीच निघाले, पिवळेधमक, चकचकीत. तिनं वास घेतला आणि डबा तोंडाला लावणार, तेवढ्यात मी तो ओढून घेतला. सगळा पाक सिंकमध्ये ओतला. एवढ्यावर थांबले नाही. पीचच्या फोडी चाळणीत घालून नळाखाली धुतल्या, चांगल्या चोळून, आणि मग बशीत घालून तिला दिल्या. पाक जाळीतून खाली जाताना ती बघत होती. “गेली माय गंगेला,” म्हणाली. एक फोड चावली, पुन्हा बशीत ठेवली. धुतलेल्या पीचला काय चव असणार... मी मात्र तिच्या देखत उरलेल्या सगळ्या संपवल्या, आदर्श म्हणून.

या उन्हाळ्यात तिला जेवण जाईना झालं. महिनाभर आम्ही ते पित्तावर ढकललं. मी तर खूश होते, पाच किलो उतरली म्हणून. तिला आरशासमोर उभं करून मी म्हटलं होतं, बघ, कशी दिसतेस! तपासण्या झाल्या तेव्हा यकृतात सगळीकडे पसरलं होतं. काही करण्यासारखं उरलं नव्हतं. नितीननं तिला घरीच ठेवलं, खिडकीजवळ पलंग लावला, रोज एक नर्स यायला लागली. पहिल्या दिवशी मी वही घेऊन गेले. विचारलं, हिला काय द्यायचं, काय टाळायचं, शुगरचं काय? नर्स भली होती. माझ्या वहीवर हात ठेवून म्हणाली, व्हॉटेव्हर शी वॉन्ट्स. नितीनला ते ऐकून बरं वाटलं. मला नाही. आपल्याकडे डॉक्टरांनी पथ्य सोडवलं की घरातली म्हातारी माणसं उठून स्वयंपाकघरात जातात आणि पदर डोळ्यांना लावतात. मी इथल्या स्वयंपाकघरात गेले तर ते नितीनच्या हॉलमध्येच होतं, तिच्यासमोर. मग नळ सोडून उगाच एक पेला धूत बसले.

त्यानंतर मी जे रांधलं ते तीस वर्षांत रांधलं नसेल. तूप ओघळणारा शिरा, नको. नागपुरी वडाभात, वरून कडकडीत तेलाची फोडणी घालून, नको. मऊ भात, ताक, नको. लेक म्हणायची, आई, तू थांब आता, त्यांना त्रास होतो. पण हात थांबत नव्हते. डबा घेऊन लिफ्टनं खाली, दोन इमारतींमधल्या वाऱ्यातून पलीकडे, पुन्हा लिफ्टनं वर, आणि तोच डबा तसाच घेऊन परत. दारात मला पाहिलं की ती आधी डोळ्यांनीच माफी मागायची. तिनं ‘नको’ म्हणू नये म्हणून मी शेवटी विचारणंच सोडलं, नुसता चमचा पुढे करायचे. तशी ती मान फिरवायची.

जाण्याच्या चार दिवस आधी मी पँट्रीतून पाकातल्या पीचचा एक डबा नेला. तिच्या देखत फोडला. पाक वाटीत काढला, थेंबही न सांडता, आणि चमच्याचं टोक तिच्या ओठांना लावलं. तिनं घेतला. जिभेवर धरून ठेवला. मला वाटलं, आवडला... मग तो ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आला. मी पुसला. ती म्हणाली, “नको.” जरा दम घेतला, आणि डोळ्यांत तो जुना खट्याळपणा आणून म्हणाली, “बघ वसू, आता मलाच टाक तुझ्या खोक्यात.”

आम्ही दोघी हसलो. तिला हसताना दुखत होतं, तरी हसली. यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं, निदान तू स्पेशल म्हणून तरी. सुचलं ते घरी येताना, लिफ्टमध्ये. मग मी धरून बसले की त्या डब्याची कंपनीच चांगली नसेल, दुसरी आणून बघू. म्हणून चार दिवसांनी सकाळी ते चार डबे.

ती गेल्यानंतर गेल्या शनिवारी पहिल्यांदा पँट्रीत गेले. खोक्याचा तळ सुटला होता म्हणून ग्लोरियानं नवा प्लास्टिकचा टब आणून ठेवला होता, आणि मार्कर. म्हणाली, यावर तुमच्या लिपीत तेच लिही. ‘न’ नीट आला. ‘को’ची मात्रा मात्र भलतीकडेच गेली. माझे चारही डबे मी आत ठेवले. ओटिस आला, टोपी काढून उभा राहिला. त्याला कळलं होतं. माझी मैत्रीण नेहमी त्याच्या पिशवीत हात घालून तळाशी काहीतरी लपवायची आणि घरी जाईपर्यंत बघू नकोस म्हणायची, असं त्यानं सांगितलं. मग टबमध्ये वाकून एक डबा उचलला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, हा आज तू घे.

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “नको.”

“दॅट्स राइट,” ओटिस म्हणाला, “नोको.” आणि डबा माझ्या हातात दिला.

तो ओट्यावर आहे. फोडवत नाही, परत नेऊन देववतही नाही. चहा करताना मध्ये येतो. मी तो उचलते, खालचा ओटा पुसते, आणि पुन्हा तिथंच ठेवते.