रंगरावांची हाक

स्वारगेट डेपोत कंडक्टरकी करून निवृत्त झालेल्या रंगराव येमूल यांचा आवाज असा, की कात्रजच्या गाडीत मागच्या दाराला लटकलेला माणूसही निमूट पुढे सरकायचा. समाजाच्या बैठकीत मात्र हा आवाज काही कामाचा नव्हता. तिथे पुढे सरकायला कुणी तयारच नसे.

समाज पद्मशाली, म्हणजे मूळचा विणकरांचा. तेलंगणातून येऊन भवानी पेठेत चार पिढ्या मुरलेला. रस्त्यावर मराठी, घरात दोन्हींची मिसळ आणि देवापुढे तेलुगू. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय ऋषींची पालखी निघे तेव्हा रंगराव माइकवरून प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्याला तेलुगूत हाक मारत. हाक आली की त्या माणसाने खाली येऊन पालखीला सुताची लडी वाहायची. हाकेशिवाय उतरायचं नाही, अशी रीत. येमूलांच्या घरी हा मान रंगरावांच्या आईचा, इंदुबाईंचा. दृष्टी गेल्यापासून त्यांच्या लेखी पालखी म्हणजे ती हाकच.

यंदा या हाकेवरूनच महाभारत झालं.

"काका, तेलुगू नको," आयटीतला सार्थक चिलवेरी म्हणाला. "मागच्या वर्षीच्या व्हिडिओवरच्या कॉमेंट्स वाचल्यात का? 'महाराष्ट्रात राहता, मराठीत बोला.' उगाच रिस्क कशाला?"

"मराठीत हाक मारलीत तर मी पालखीला खांदा देणार नाही," साड्यांचे दुकानदार रतनशेठ गड्डम गरजले. "भाषा गेली की समाज गेला!" त्यांची नातवंडं घरात इंग्रजीत पाणी मागतात, ते सोडा.

रंगरावांचं डोकं फिरायला एवढं पुरेसं होतं. करीमनगरचे व्याही त्यांच्या तेलुगूला हसत, आणि पुण्यात जन्म काढूनही आडनाव ऐकलं की लोक विचारत, "मूळचे कुठले तुम्ही?" दोन्हीकडचं तिकीट काढलेल्या माणसाला दोघंही खाली उतरवायला निघाले होते.

"मग असं करा," ते ओरडले, "कुणीच तोंड उघडू नका! डीजे लावा आणि मुक्यासारखे चालत सुटा!"

टोमणा होता तो. पण बैठकीने तो शब्दशः घेतला.

"हे बरंय," रतनशेठ म्हणाले. सार्थकने लगेच मान डोलावली. ठराव एकमताने मंजूर! इतक्या वर्षांत या मंडळींचं एकमत झालं ते कशावर, तर गप्प बसण्यावर. "अहो, मी चिडून बोललो!" असं रंगराव सांगत राहिले, पण तोवर चहा आला होता आणि मंडळी चहाकडे वळली होती.

पालखी निघाली ती छातीत धडकी भरवणाऱ्या डीजेमागून. रंगराव माइकविना, रिकाम्या हातांनी चरफडत चालले होते. आपल्या घराखाली आल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. बेंबीच्या देठापासून त्यांनी हाक मारली, दोनदा मारली. शेजारी चालणाऱ्यालाही ती ऐकू गेली नाही. मागून पोलीस "चला, चला" करत होते. पालखी पुढे गेली.

रंगराव जिना चढून वर गेले. इंदुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दाराशी बसल्या होत्या, मांडीवर हळदीत बुडवलेली लडी.

"अजून कशी आली नाही रे पालखी?" त्यांनी विचारलं. "मघाशी कुणाची तरी वरात गेली बघ. काय मेला तो धिंगाणा! म्हटलं, तेवढ्यात आपला देव आला तर तुझी हाक मला ऐकू येणार कशी?"

 रंगराव तसेच खाली गेले आणि मोकळ्या रस्त्यावर उभे राहून, गेल्या साऱ्या वर्षांसारखेच ओरडले, "येमूल इंदम्मा! देवुडोच्चिंडु, रा!" देव आलाय, ये.

"आले, आले!" म्हणत इंदुबाई कठडा धरून उतरल्या. त्यांनी लडी पुढे केली. समोर कुणी नव्हतं. रंगरावांनीच ती दोन्ही हातांत घेतली.

इंदुबाईंनी कान देऊन पाहिलं. "आज फार गप्प आहे रे देव."

"गप्प बसवलाय त्याला, अम्मा," रंगराव म्हणाले. "मीच."