बादलीतला आवाज

आमच्याकडे सोलरचा नळ सोडला की आधी बादलीभर गार पाणी येतं, मग गरम. ते गार पाणी आम्ही वर्षानुवर्षं मोरीत वाहू देत होतो. निवृत्त झाल्यावर ह्यांनी नळाखाली बादली ठेवायला सुरुवात केली आणि ते पाणी गॅलरीतल्या कढीपत्त्याला घालू लागले.

"एका बादलीनं धरण भरणार आहे का?" मी म्हणायचे.

"धरणाचं मला ठाऊक नाही. कढीपत्त्याला विचार."

उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर पहिल्या सकाळी मी सवयीनं नळ सोडला आणि पाणी फरशीवर पडत राहिलं. आत गेले तर हे जागे होते, छताकडे बघत. फरशीवर पडणाऱ्या पाण्याचा आवाज वेगळा, बादलीतला वेगळा, आणि तो पलंगावर ऐकू येतो, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी बादली ठेवली. रिकाम्या बादलीत धार वाजली, मग भरता भरता आवाज मऊ होत गेला. डोकावले तर ह्यांचा पुन्हा डोळा लागला होता.

धरणाचं मला अजूनही पटलेलं नाही. पण सगळं पटूनच सवय लागते असं थोडंच आहे? कुणाची तरी झोप आपल्या हातात असते, तेवढंही पुरतं.

आता गुडघा बरा आहे, तरी बादली मीच ठेवते. परवा बहिणीकडे राहायला गेले होते. तिच्याकडेही सोलरच. सकाळी तिनं नळ सोडला, पाणी फरशीवर पडू लागलं, आणि मला जाग आली.