दीड खणाचं घर, फोनच्या उचलीवर

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने, परंतु पूर्ण शुद्धीवर राहून कळवण्यात येते की, आमच्या राहत्या घराचे छत आज दुपारी ऐन जेवणाच्या वेळी आपले उच्च स्थान सोडून पिठाच्या डब्यात विसावले आहे. जीवितहानी नाही. दोन पातेली चेपली आहेत. पीठ व माती यांची ताटातूट करण्याचे काम चालू आहे. शोकाकुल : चार भिंती.

हे निवेदन मी फोनवर माझ्या सासऱ्यांना, घसा खाकरून, आकाशवाणीच्या आवाजात वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, हसतील. पण सासरे युसूफ वडगाव या गावचे भुसार व्यापारी. तूर, हरभरा, करडई सोडून जगातल्या कुठल्याच गोष्टीकडं ते गमतीनं बघत नसत, आणि तूर-हरभऱ्याकडंही बघत नसत. पलीकडून आवाज आला, "छत घाला. मी सोता येऊन बघीन. पटलं तर लेक आन नात ठिवून जाईन. न्हाईतर त्याच जीपनं माघारी."

आणि खट्कन फोन ठेवला.

आता माझं हसू थांबलं. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. दसऱ्याच्या सुमारास मुलगी झाली. मी जाऊन एकदाच बघून आलो होतो. तेव्हा ती झोपली होती आणि झोपेतच मला बघून शिंकली होती. एवढीच काय ती आमची ओळख. रथसप्तमीच्या आत तिचं बोरन्हाण आपल्या घरात करायचं, असं मी आणि बायकोनं ठरवलं होतं. त्यासाठी आधी घर, निदान वरून तरी, घरासारखं दिसायला हवं होतं.

घर म्हणजे भावांच्या वाटणीत माझ्या पदरात पडलेले शिरूर कासारातले दीड खण. एका खणात आम्ही झोपायचो, अर्ध्या खणात चूल. पाहुणा आला की आमच्यापैकी एकानं अंगणात जायचं, असा अलिखित नियम. वर मातीचं माळवद होतं आणि त्याखालच्या तुळया वाळवीनं आतून इतक्या मनापासून खाल्ल्या होत्या की शेवटी शेवटी आमच्या डोक्यावर फक्त तुळयांचा आकार उरला होता.

माझा धंदा एस.टी.डी. बूथचा. देश खुला झाला, खुला झाला असं ज्या वर्षांत सगळे म्हणत होते, त्या वर्षांत आमच्या गल्लीत त्यातलं जेवढं पोचलं ते म्हणजे माझी पिवळी पाटी आणि काचेची केबिन. केबिनीत माणूस एकदा शिरला की त्याला वळता येत नसे. उलटंच बाहेर यावं लागे. तरी खरं सांगतो, घरापेक्षा ती मोकळी वाटायची. हप्ते फेडून हातात उरायचं ते चहापुरतं. त्यात छत घालायचं.

आणि छत घालायचं कुणी? दिवाळी उरकली की आमच्याकडं गावं रिकामी होतात. टोळ्यांच्या टोळ्या ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. आमच्या भागातला एकुलता एक गवंडी त्या साली थापी घरात ठेवून, बायकोला घेऊन तिकडंच गेला होता, कारण मुकादमानं उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, चांगली दिली होती. मी पाटोद्याहून एक गवंडी बोलावला. त्यानं घराला एक प्रदक्षिणा घातली, त्याला फार वेळ लागला नाही, आणि टोपी काढून म्हणाला, "मालक, ह्याला दुरुस्ती म्हनत न्हाईत. ह्याला दहावा म्हनत्यात." चहा पिऊन गेला.

मी अंगणात डोक्याला हात लावून बसलो होतो. शेजारचे बप्पा शेळ्या घेऊन निघाले होते, ते थांबले. बप्पांची सगळी उमर ऊसतोडीत गेलेली; आता गुडघ्यांनी जवाब दिला म्हणून गावात शेळ्या राखत होते.

"कावून असा बसला बे?"

मी सगळं सांगितलं. बप्पांनी पडलेल्या छताकडं, मग माझ्याकडं, असं दोन्ही पडक्या वस्तूंकडं आळीपाळीनं बघितलं.

"आमी घालतो छत. उचल काय देतो?"

"बप्पा, उचल कुठली! माझ्याकडं एक फोन सोडला तर काय हाय?"

बप्पांनी पिवळ्या पाटीकडं नजर टाकली. "मग फोन दे."

असा तो करार झाला. बप्पांचा मुलगा-सून कारखान्याजवळ तळावर होते आणि त्या तळाजवळच्या चहाच्या हॉटेलात फोन होता. हॉटेलवाला टोळीतल्या माणसाला हाक मारून आणायचा. रोजच्या कामाची मजुरी म्हणजे संध्याकाळी, स्वस्त दर लागला की, मुलाशी एक फोन. ही बातमी गावात कशी पसरली मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात गावातली समस्त म्हातारी जनता घमेली, खोरी, टोपल्या घेऊन उभी! ज्यांची ज्यांची लेकरं ऊसतोडीला गेली होती ते सगळे. एका आजोबांना धड उभं राहता येत नव्हतं, ते म्हणाले, "मी बसून देखरेख करतो, मला निम्मा फोन दे."

कामाची पद्धतही टोळीचीच. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात; हिशेब कोयत्याचा, एकट्या माणसाचा नाही. त्यामुळं बप्पा आणि त्यांची बायको, जिला मी आत्या म्हणायचो, हा आमचा पहिला आणि मुख्य कोयता. बप्पा वर शिडीवर, आत्या खाली सामान द्यायला.

अडचण एकच. बप्पांनी आत्याची लाडकी शेळी तिला न विचारता बाजारात विकली होती, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. ही गोष्ट ताजी नव्हती. त्या शेळीची पणतवंडं एव्हाना कुठंतरी चरत असतील.

मग मधे मी.

"त्येला म्हन, तुळई उलटी धरली हाय," आत्या मला म्हणायची.

"बप्पा, आत्या म्हणती, तुळई उलटी धरलीय."

"तिला म्हन, तुळईला उलटं-सुलटं नसतं. ती काय घागरा हाय का?"

"आत्या, बप्पा म्हणतात—"

घर एवढंसं की बप्पांनी पाय खाली सोडला तर तो आत्याच्या डोक्याला लागावा. दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं. पण मी बोलल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, हा कायदा. एकदा मला वाटलं, आपण जरा गोडवा पेरू. आत्या म्हणाली, "त्येला म्हन, डोळे फुटले का, खिळा वाकडा चाललाय." मी वर बघून म्हणालो, "बप्पा, आत्या म्हणती, खिळा जरासा तिरका जातोय का बघता का."

दोघं एकदम माझ्यावर ओरडले. आत्या म्हणाली, "मी आसं म्हनले न्हाई!" आणि बप्पा वरून म्हणाले, "ती आसं म्हनली न्हाई!"

त्यानंतर मी जसंच्या तसं पोचवू लागलो.

भिंती पडलेल्याच मातीच्या गाऱ्यानं हातभर चढल्या. बाभळीची लाकडं बप्पांनी कुठून कुठून जमवली, विचारलं की म्हणायचे, "उगवली." राहिलं वरचं पांघरूण. पाटोद्याच्या भंगारवाल्याकडं मला घबाड सापडलं. त्या साली सगळ्या दुकानदारांना आतून दिवा लागणाऱ्या नव्या पाट्यांचं वेड लागलं होतं आणि जुन्या, जाड पत्र्याच्या, रंगवलेल्या पाट्या ढिगानं पडल्या होत्या. नवे पत्रे घ्यायची ऐपत नव्हती. ह्या पाट्या टेम्पोत घालून मी विजयी वीरासारखा गावात शिरलो.

मग प्रश्न पडला, रंगाची बाजू वर की खाली? बप्पा म्हणाले, वर, म्हणजे गंज चढत नाही. मी तसं आत्याला सांगितलं.

आत्यानं पदर खोचला. "त्येला म्हन, लेकरू उताणं निजल तवा त्येला वर बघायला कायतरी पायजे का नको?"

मी तोंड उघडलं. पण बप्पांनी माझी वाट न बघताच हातातली पाटी उलटी केली.

तर असं आमचं छत. वर गंज, त्यावर दगड, आणि आतून साक्षात बाजारपेठ. दारातून आत आलं की 'लेडीज टेलर'. झोपायच्या जागी 'दातांचा दवाखाना'. एक पाटी लांब होती म्हणून कापावी लागली, त्यामुळं 'शुद्ध शाका' एका भिंतीला आणि 'हारी भोजन' चुलीवर. आणि देवाच्या कोनाड्याच्या बरोबर वर, ढळढळीत लाल अक्षरांत, 'अंडी ताजी मिळतील'. आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं! सासऱ्यांच्या घरात तर अंड्याचा उच्चारही होत नसे. बप्पांना वाचता येत नव्हतं आणि मी बघितलं तेव्हा खिळे ठोकून झाले होते.

"बप्पा, ही काढावी लागंल."

"काढ की," बप्पा म्हणाले, "समदं संगंच येईल खाली."

ठेवली.

शेवटची पाटी चढत होती तेवढ्यात बूथशेजारचा टेलर गल्लीच्या तोंडाशी येऊन ओरडला, "वडगावचा फोन!" मी धावलो. बायको होती.

"ऐका, बाबा जीप सांगून आलेत. परवा येतोय आमी. छत झालं का?"

"झालंच समज."

"समज म्हणजे?"

"म्हणजे... बप्पा वर आहेत."

"बप्पा म्हणजे छत हाय का?"

मी काही बोलणार तोच ती म्हणाली, "थांबा, हिला देते." आणि तिनं फोन मुलीच्या तोंडाशी धरला. पलीकडून काहीतरी चोखल्याचा आवाज येत राहिला. बहुतेक रिसीव्हरच होता. मी काचेच्या केबिनीत उभा राहून तो ऐकत बसलो. किती वेळ, ठाऊक नाही.

परत आलो तर बप्पा शिडीवर पाटीचं एक टोक धरून, आत्या खाली दुसरं टोक धरून, पुतळ्यासारखी उभी! दोघांचे चेहरे लालबुंद.

"कुठं मेलतास बे?" बप्पा गरजले. "तिला सांग, सोड म्हनावं."

"त्येला इचार, आदी धरलंय का!" आत्या म्हणाली.

सासरे आले. उंच माणूस, पांढरी टोपी, काखेत छत्री. जीपवाल्याला म्हणाले, "लांब जाऊ नको." बायको मुलीला घेऊन अंगणातच थांबली, आत यायची अजून परवानगी नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ओठ आवळून घेतले. मुलीनं एक मोठी जांभई दिली.

सासऱ्यांनी छत्रीच्या टोकानं खांब ठोकला. "लाकूड कशाचं हाय?" असं बप्पांना विचारलं.

उत्तर आत्यानं दिलं. "त्येला म्हना, बाबळीचं हाय. सांगायला काय लाजतो?"

सासरे गोंधळले. "ह्या म्हणत्यात, बाभळीचं हाय."

"तिला म्हना," बप्पा म्हणाले, "मला ठावं हाय. मीच आनलंय."

"ते म्हणत्यात, त्यास्नी ठावं हाय."

"त्येला म्हना, आनलं म्या डोईवर, ह्यो नुसता म्होरं चालत हुता!"

आणि माझे सासरे, ज्यांच्यापुढं अडत्यांची बोबडी वळायची, ते पुढचा किती तरी वेळ छत्री काखेत धरून डावीकडून उजवीकडं आणि उजवीकडून डावीकडं निरोप पोचवत राहिले. मधेच त्यांनी एक वाक्य आटोपशीर केलं तर दोघांनी त्यांनाही झापलं. बायको पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली. हसता हसता ती कधी उंबरा ओलांडून आत आली, कुणालाच कळलं नाही.

त्याच दुपारी बोरन्हाण झालं. घरात मावल्या तेवढ्या बायका आत, बाकीच्यांनी दारातून हात लांब करून बोरं टाकली. काळ्या झबल्यातली माझी लेक डोक्यावर पडणारे चुरमुरे बघून आधी दचकली, मग खिदळायला लागली. बोरं चुलीत गेली, कोनाड्यात गेली, सासऱ्यांच्या टोपीत गेली. त्यांनी टोपी झटकली आणि ती झटकताना त्यांची नजर वर गेली.

ते मोठ्यानं वाचू लागले. सवयच होती त्यांना, दिसेल ते वाचायची. "लेडीज टेलर... दातांचा दवाखाना..." मी कोनाड्यापुढं जाऊन उभा राहिलो, पण पाटी वर आणि मी खाली, काय झाकणार? "अंडी," सासरे म्हणाले, आणि थांबले. मी डोळे मिटले. "ताजी. मिळतील." डोळे उघडले तर त्यांच्या मिशीचं एक टोक किंचित हललेलं दिसलं. की मला तसं वाटलं.

"जुन्या खिळ्यांची भोकं असत्याल," ते म्हणाले. "आडवं होऊन बघाया पायजे."

सतरंजी टाकली. ते आडवे झाले, टोपी छातीवर. बायकोनं पेंगुळलेली मुलगी टोपीच्या जागी ठेवली. आम्ही सगळे अंगणात येऊन निकालाची वाट बघत बसलो. आतून भोकांबद्दल काहीच येईना. थोड्या वेळानं घोरण्याचा आवाज आला, अस्सल भुसार व्यापाऱ्याचा, भरदार.

ऊन उतरलं. जीपवाला कंटाळला होता. त्यानं दारासमोर गाडी आणली आणि हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. आत धडपड झाली. सासरे विस्कटलेल्या केसांनी, नातीला छातीशी धरून दारात आले आणि एवढ्या जोरात ओरडले की मुलगी जागी झाली, आत्याच्या हातातलं घमेलं पडलं आणि जीप एकटीच वडगावच्या रस्त्याला लागली:

"हॉर्न कावून वाजवतो बे? दिसत न्हाई का, लेकरू घरात निजलंय!"